लेफ्ट आउटचा अर्धा सेकंद

आमच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जिथे ट्रॉल्या एकात एक सरकवून ठेवतात, तिथे आबा दर मंगळवारी दोन मिनिटं उभे राहतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा दंड. मग बुटाच्या टोकानं डांबरावर एक न दिसणारी रेघ ओढतात आणि म्हणतात, "ही इथून जायची."

रेघ म्हणजे मैदानाची डावी कड. साठ वर्षांपूर्वी इथे एका क्लबचं मैदान होतं. क्लब दुसऱ्या क्लबात विरघळला, मैदानावर आधी घरं आली, मग दुकान. आबांची सहा वर्षं ज्या रेघेवर गेली, तिथे आता लोक कांद्याच्या पिशव्या गाडीत टाकत असतात.

आबा म्हणजे अँगस कर्कहोप. वय एक्याण्णव, मूळचे स्कॉटलंडमधल्या कोळशाच्या खाणीच्या गावचे, आता आइंडहोवनचे. मी शामला. वय बावन्न, मूळची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, आता आइंडहोवनचीच. माझा नवरा संजीव चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत आहे. मी मंगळवारी आणि शुक्रवारी म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतीला जाते. खिडक्या, चादरी, किराणा आणि गप्पा. गप्पा करारात लिहिलेल्या नाहीत, पण वेळ सगळा त्यांतच जातो. आबांकडे गेले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, मिस्टर वगैरे नको, नुसतं अँगस म्हण. एक्याण्णव वर्षांच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी आबा म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा सांगितलं, ज्याच्यावर रागावण्याची सोय नसते अशा म्हाताऱ्याला आम्ही आबा म्हणतो. तो हुद्दा त्यांना आवडला.

त्यांच्या दिवाणखान्यात एकच फोटो होता. अकरा जण, पुढचे बसलेले, मागचे उभे, सगळ्यांचे भांग ओल्या केसांत पाडलेले. पुसता पुसता मी बसलेल्यांतल्या अगदी कडेच्या, डाव्या रेघेवरून धावणारा बसतो त्या जागेवरच्या पोराकडे बोट केलं आणि विचारलं, "हे तुम्ही? लेफ्ट आउट?"

ते खुर्चीतून उठलेच. बायकांना हे ठाऊक नसतं अशी त्यांची समजूत होती, भारतातल्या बायकांना तर नाहीच. मग मला कोल्हापूर सांगावं लागलं. पेठापेठांचे संघ कसे असतात, मॅचच्या दिवशी सोयरिकीची बोलणीसुद्धा कशी पुढे ढकलतात, अप्पा मला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेडियमवर कसे न्यायचे. फुटबॉल मला कुणी शिकवला नाही. माणसं कशावरून शिव्या देतात ते ऐकत गेले आणि खेळ समजत गेला. अप्पा स्वतः वादीच्या चेंडूवर खेळलेले. चामड्याचा चेंडू, आत रबरी पिशवी, आणि तोंडावर बुटासारखी चामड्याची वादी ओवून आवळलेली. पावसात भिजला की धोंडा व्हायचा. वादीची बाजू कपाळावर बसली की कातडं फाटायचं. अप्पांच्या भुवईत एक पांढरी रेघ होती, ती त्या वादीची.

हे सांगितलं तेव्हा आबांनी खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. मग म्हणाले, इस्त्री करायला घे, तुला सांगतो.

तर मी त्यांची कारकीर्द ऐकली ती उशांच्या अभ्र्यांवर पाणी शिंपडत, चार-पाच शुक्रवारांत. ती अशी.

अठराव्या वर्षी गावच्या संघात. आठवडाभर खाणीच्या वर कोळसा निवडायचा, शनिवारी खेळायचं. डावा पाय असा की मधल्या फळीतला माणूस मान वर न करता चेंडू डावीकडे फेकायचा. आबा तिथे असणार हे धरूनच चालायचे सगळे. ते रेघेला इतके चिकटून धावायचे की सामना संपेपर्यंत डाव्या बुटावर चुना बसलेला असायचा. पोरं त्यांना चुनेवाला म्हणत. समोर डेव्ही नावाचा सेंटर फॉरवर्ड होता, शेजारच्या घरातला, एकत्र वाढलेला. दुसऱ्या हिवाळ्यात, पाऊस पडत असताना, आबांनी डावीकडून चेंडू उचलून दिला आणि डेव्हीनं झेप घेऊन डोकं लावलं. गोल झाला. डेव्ही उठला नाही. वादी थेट डोळ्यावर बसली होती. तो डोळा कायमचा गेला.

"त्याच्या आईनं मला चहा दिला," आबा म्हणाले. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट स्वतःला शिकवली. कुणी सांगितली नव्हती, कुठल्या प्रशिक्षकाला माहीत नव्हती. चेंडू पायाशी आला की तळव्याखाली घेऊन एकदा हलकेच गिरकवायचा. वादी कुठे आहे ते बघायचं, ती आपल्या बाजूला आणायची. मग पायाच्या आतल्या अंगानं असा उचलायचा की हवेत तो गरगरणार नाही, तरंगत जाईल, आणि समोरच्याच्या कपाळाला गुळगुळीत चामडं लागेल. घराच्या मागच्या भिंतीवर ते दोन उन्हाळे हेच करत राहिले. कॉर्नरला तर सोपं असतं, चेंडू हातानंच ठेवायचा असतो. धावताना ते करायला अर्धा सेकंद जास्त लागायचा.

तो अर्धा सेकंदच त्यांना महाग पडला. पुढे मोठ्या संघात गेले, नाव झालं, त्यांना बघायला निवड समितीचा माणूस आला. तीन सामने बघून गेला. त्यानं काय लिहिलं ते मॅनेजरनं नंतर सांगितलं. पायात जादू आहे, पण चेंडू सोडायला अर्धा सेकंद उशीर करतो. प्रेक्षकही ओरडायचे, सोड, सोड. मॅनेजरनं समजावलं, दम दिला, शेवटी बाकावर बसवलं. आबांनी कारण कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते, आणि समोरचे बचावपटू त्या अर्ध्या सेकंदाची वाट बघत बसले असते. पंचविसाव्या वर्षी ते इथे आले. दिवसा दिव्यांच्या कारखान्यात काम, संध्याकाळी सराव. रिया नावाच्या इथल्याच मुलीशी लग्न केलं. ती जाऊन आठ वर्षं झाली.

आणि इथे त्यांच्यासमोर टून होता. टून फर्होफस्टाट, एकवीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड, बैलाच्या मानेचा. सहा मोसमांत टूनचे एकशे अठ्ठेचाळीस गोल. आबांचे अकरा. गोलपर्यंत चेंडू कुणी पोहोचवला, हे त्या काळी कुणी लिहून ठेवत नसे. क्लब गरीब होता, बाकीच्यांकडे बिनवादीचे चेंडू आले तरी यांच्याकडे जुनेच चालू होते. सहा वर्षं आबा प्रत्येक चेंडू गिरकवत राहिले. मग टून मोठ्या क्लबात गेला, आबांचा गुडघा गेला, आणि विषय संपला.

संपला नव्हता. इस्त्री बंद करायला मी वाकले तेव्हा ते म्हणाले, "टूनला कळलं होतं का, एवढंच मला कळायला हवं आहे. बाकी सगळं झालं माझं."

मी म्हटलं, "मग विचारा ना. हेल्मंडला तर राहतात ते. बसनं अर्धा तास."

"विचारून मिळालेलं उत्तर हे उत्तर नसतं, शामला. भला माणूस आहे. मी विचारलं तर हो म्हणेल."

आणि मीही विचारायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. माझा चेहरा त्यांना समजत असावा.

आता आमच्या मंडळाचं सांगते. आइंडहोवनच्या मराठी मंडळाचा दर मे महिन्यात क्रीडादिन असतो. सकाळी क्रिकेट, दुपारी मिसळ, मग एका मान्यवराचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. अध्यक्ष दिलीप, पुण्याचे. माणूस कष्टाळू, पण सत्काराशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. गेल्या वर्षी नगरपालिकेतल्या एका बाईंचा केला. शाल पांघरताच त्यांना वाटलं कार्यक्रम संपला, आणि त्या शालीसकट सायकलवरून गेल्या. या वर्षी दिलीपना खेळातलं, स्थानिक आणि ज्येष्ठ असं कुणीतरी हवं होतं. मी आबांचं नाव सुचवलं.

फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "गोल किती आहेत, वहिनी?"

"अकरा."

"एका सीझनमध्ये?"

"सगळे मिळून."

दिलीप फार सौम्यपणे म्हणाले की मानपत्रात अकरा जरा बारीक दिसेल.

"दिलीपभावजी, पंगतीत वाढणारा स्वतः किती जिलब्या जेवला हे विचारतात का? लेफ्ट आउट तो वाढणारा असतो."

हे त्यांना पटलं. वा, हे टाकतोच, म्हणाले. मला तिथेच समाधान वाटायला नको होतं.

दुसरं काम मी गुपचूप केलं. टूनच्या मुलीचा, मारियेकेचा, फोन शोधून काढला आणि वडिलांना आणाल का विचारलं. वादीबद्दल चकार शब्द काढला नाही. मारियेके म्हणाली, बाबा सत्त्याऐंशीचे आहेत, कुठेच जात नाहीत, वाढदिवसांनाही नाही. विचारून बघते. मी घरी संजीवला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आणि तो आला आणि त्याला काहीच कळलेलं नसलं, तर? तू त्या माणसाला एक्याण्णवाव्या वर्षी कुठे नेऊन उभं करते आहेस?"

संजीव सहसा बरोबर असतो, हा त्याचा दोष आहे. मला चार दिवस जेवण गेलं नाही. पण फोन करून नको म्हणायचंही झालं नाही.

क्रीडादिनाला आबा टाय लावून आले. व्यासपीठ म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये जोडून ठेवलेली दोन बाकं आणि त्यावर सतरंजी. आमच्या लेकीकडे, मृण्मयीकडे, ती सोळा वर्षांची आहे, तबक सांभाळण्याचं आणि मानपत्राचं इंग्रजी वाचण्याचं काम होतं. दिलीप तिला समजावत होते की नारळ देताना शेंडी ज्याला द्यायचा त्याच्याकडे करायची, मागच्या वेळी उलट झालं होतं. मृण्मयीनं डचमध्ये विचारलं, काय फरक पडतो. आबा शेजारीच बसले होते. त्यांनी विषय काय आहे ते विचारलं. दिलीपनी मग त्यांनाही इंग्रजीत सगळं सांगितलं: केसांची बाजू मान घेणाऱ्याकडे, ती पद्धत आहे. आबांनी नारळ हातात घेतला, एकदा गिरकवून बघितला, आणि गंभीरपणे मान डोलावली.

टून आला नव्हता. मी दाराकडे बघून बघून मान आखडून घेतली. शालीची घडी उलगडत असताना मारियेके आली, पुढे चाकांची खुर्ची. खुर्चीत एक मोठा म्हातारा, कपाळावर ओढलेली लोकरी टोपी. तिनं त्याला पहिल्या रांगेच्या कडेला लावलं. आबांना लांबचं नीट दिसत नाही. त्यांनी पाहिलंच नाही.

दिलीपनी मानपत्र वाचायला घेतलं. वाढणाऱ्याचं वाक्य होतं, मी सुखावले. मग आलं, "वायुवेगानं धावणारे, क्षणाचाही विलंब न लावणारे." आणि मग आलं की सहा मोसमांत एकशे अठ्ठेचाळीस गोल करून त्यांनी क्लबचा विक्रम रचला. दिलीपना इंटरनेटवर क्लबचं एक जुनं पान सापडलं होतं. डच अर्धवट येतं, आकडा मात्र पूर्ण कळला. अकराच्या जागी त्यांनी तो चिकटवला होता, अगदी चांगल्या मनानं, आणि फ्रेमही करून आणली होती. मृण्मयीनं हेच इंग्रजीत वाचलं. टाळ्या झाल्या.

आबांचे कान लाल झाले. शालीतून हात बाहेर काढून ते म्हणाले, नाही, चूक आहे, अकरा. माइक दिलीपच्या हातात होता, ऐकलं फक्त मी आणि मृण्मयीनं.

पहिल्या रांगेतून आवाज आला, माइकची गरज नसलेला. डचमध्ये.

"ते एकशे अठ्ठेचाळीस माझे आहेत."

ज्यांना डच येत नव्हतं तेही वाकून पहिल्या रांगेकडे बघू लागले. आबांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला भीतीच म्हणावं लागेल. दिलीप फ्रेमकडे बघत होते.

"असू दे," टून म्हणाला. "त्याच्याकडेच राहू देत. निम्म्याहून जास्त त्यानंच माझ्या डोक्यावर आणून ठेवलेत. पण वायुवेग कुठून आणला तुम्ही? हा माणूस हळू होता. मी तिकडे गोलासमोर उभा, दोन जण माझा शर्ट ओढताहेत, आणि हा रेघेवर चेंडूशी खेळतोय. मी रोज शिव्या द्यायचो त्याला."

काही लोक हसले. मागच्या रांगेत भारतातून आलेले आईवडील बसले होते. मृण्मयी आपण होऊन त्यांच्यासाठी हे मराठीत सांगू लागली. घरी मी मराठीत विचारलं की ही पोरगी डचमध्ये उत्तर देते. आबा हसले नाहीत. ते दोन्ही हातांनी काठी धरून बसले होते आणि मी मनात म्हणत होते, शामला, हे तू केलंस.

"तिसऱ्या वर्षी हा आजारी पडला," टून पुढे बोलत होता. "फुप्फुसाचं काहीतरी. सहा आठवडे. डावीकडे दुसरा पोरगा आला. चपळ, याच्या दुप्पट." त्यानं टोपी काढली. डोकं पूर्ण टकलं होतं, आणि डाव्या भुवईच्या वर, केस असते तर झाकल्या गेल्या असत्या अशा, तीन आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. "हे त्या सहा आठवड्यांचे. उजवीकडे बघा." त्यानं मान फिरवली. उजवी बाजू खाटकाच्या ठोकळ्यासारखी होती. "उजवीकडून दुसरे वाढायचे. डावीकडे सहा वर्षांत एवढंच. मग मी बघायला लागलो की हा तिथे उभा राहून करतो काय. हा वादी फिरवून घेत होता."

मृण्मयी थांबली. वादीला मराठीत काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. मी तिथूनच सांगितलं.

आबांनी विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू विचार करायला लागला असतास. पाय विचार करायला लागला की बिघडतो. म्हणून गप्प बसलो." टून टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे बघत होता. "मग सवय झाली गप्प बसायची. माझी चूक. मोठी चूक."

साठ वर्षांचं उत्तर असं एका चुकीच्या मानपत्रामुळे आलं. बरोबर मानपत्र लिहिलं असतं तर टून दोन टाळ्या वाजवून घरी गेला असता, असं मला अजूनही वाटतं. हे मी दिलीपना सांगितलेलं नाही.

आबा उठले. संजीवनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. बाकावरून खाली उतरायलाच मिनिट गेलं. त्यांनी तबकातला नारळ उचलला आणि टूनच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. नारळ दोन्ही हातांत, शेंडी बरोबर टूनकडे, पद्धतीप्रमाणे. टूननं हात पुढे केले. आबा थांबले. नारळाकडे बघितलं. मग बोटांनी तो हळूच गिरकवला, शेंडी आपल्याकडे घेतली, गुळगुळीत बाजू समोर केली, आणि मग दिला.

दिलीप माझ्यामागून पुटपुटले, "वहिनी, शेंडी उलटी झाली."

मी त्यांचा हात धरून ठेवला.

टूननं नारळ मांडीवर घेतला. तळव्यानं तो गुळगुळीत भाग एकदा चाचपून बघितला.

"अजून तेवढाच हळू," तो म्हणाला.